ए. डुपर्ली अँड सन्स, किंग्स्टन: एका शिक्क्यामागचे छायाचित्रकार

जमैकाच्या जुन्या छायाचित्रांचा कोणताही बऱ्यापैकी संग्रह उघडला की एक नाव पुन्हा पुन्हा समोर येते: डुपर्ली. १८४०च्या दशकातील शिळाछाप चित्रांच्या पुस्तकावर ते आहे, पुढच्या पिढीत घरोघरच्या आल्बमांत शिरलेल्या तळहाताएवढ्या पुठ्ठ्यांच्या पाठीवर आहे, १८९०च्या सुमारास जहाजाने आलेल्या पर्यटकांनी विकत नेलेल्या देखाव्यांवर आहे आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील पोस्टकार्डांवरही आहे. एकाच माणसाने सत्तर वर्षे कॅमेरा चालवला असेल असे कोणी म्हणणार नाही. पण संग्रहाच्या सूचीत ‘छायाचित्रकार’ नावाचा एक रकाना असतो, तो रिकामा ठेवणे सूचीकाराच्या जिवावर येते, आणि मग ‘ए. डुपर्ली अँड सन्स’ असा शिक्का असलेले १८९५च्या आसपासचे चित्र तीस वर्षांपूर्वी वारलेल्या अ‍ॅडॉल्फ डुपर्ली यांच्या खाती सहज जमा होते.

येथे हे एकच प्रकरण तपासायचे आहे: या नावाचा माग घेताना नाव कुठपर्यंत साथ देते, आणि ते जिथे साथ सोडते तिथे हातातील वस्तू, म्हणजे तिचे माप, कागद, पुठ्ठा आणि छपाई, काय बोलते. माझे मत आधीच सांगून टाकतो. वसाहतकालीन कॅरिबियन छायाचित्रांवरचे नाव ही बहुतेक वेळा दुकानाची पाटी असते. ती कोणी विकले ते सांगते, कोणी टिपले ते सांगेलच असे नाही. साक्षीदार म्हणून वस्तूचा प्रकार अधिक भरवशाचा आहे, मात्र त्यालाही उलटतपासणीशिवाय सोडता येत नाही.

कॅमेऱ्याच्या आधीचे नाव

अ‍ॅडॉल्फ डुपर्ली यांचा जन्म १८०१ साली पॅरिसमध्ये झाला. खोदकाम आणि शिळाछाप हा त्यांचा पेशा. १८२०च्या दशकात ते हैतीत आले आणि तिथून पुढे जमैकात जाऊन किंग्स्टनला स्थायिक झाले. छायाचित्रणाचा शोध जाहीर होण्यापूर्वीच छापील चित्रांमुळे त्यांचे नाव बेटावर रुळले होते. १८३१च्या नाताळात जमैकाच्या पश्चिम भागात गुलामांचा मोठा उठाव झाला. त्यात सेंट जेम्स परगण्यातील रोहॅम्प्टन हा उसाचा मळा जानेवारी १८३२मध्ये जाळला गेला, आणि त्या आगीचे डुपर्ली यांनी केलेले शिळाछाप चित्र त्या उठावाच्या इतिहासात आजही हटकून छापले जाते. १८३७-३८मध्ये किंग्स्टनचे ज्यू चित्रकार आयझॅक मेंडेस बेलिसारिओ यांनी जमैकातील कृष्णवर्णीयांचे व्यवसाय, सणातली सोंगे आणि पेहराव दाखवणारी चित्रमाला हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध केली, तेव्हा तिची चित्रे दगडावर उतरवण्याचे काम डुपर्ली यांनीच केले.

हा तपशील पुढच्या सगळ्या गुंत्याची किल्ली आहे. १९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिसमध्ये जी कृती जाहीर झाली, ती डॅगेरोटाइपची: चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा, त्यावर आयोडिनची वाफ, मग कॅमेऱ्यातला प्रकाश आणि शेवटी पाऱ्याची वाफ. तयार होते ते चित्र अतिशय रेखीव असते, पण एकुलते एक असते, त्याच्यापासून प्रती निघत नाहीत. ज्याचे पोट प्रती विकण्यावर चालते त्या मुद्रकाला असा पत्रा हा कच्चा माल वाटणार, तयार माल नव्हे. डुपर्ली यांनी नेमके तसेच केले.

तारखांचा आणखी एक योग येथे नोंदवायला हवा. ब्रिटिश वसाहतींत गुलामगिरी १ ऑगस्ट १८३४ला कायद्याने संपली आणि तिचे शेपूट असलेली सक्तीची ‘उमेदवारी’, म्हणजे मुक्त झालेल्यांना जुन्याच मालकाकडे करावी लागणारी मजुरी, १ ऑगस्ट १८३८ला संपली. म्हणजे कॅमेरा जमैकात पोहोचला तो मुक्तीनंतर. त्यामुळे ‘जमैकातील गुलाम’ असे नाव देऊन कोणी छायाचित्र दाखवू लागले तर ते नाव चुकीचे आहे, एवढे चित्र न पाहताही सांगता येते. शेजारच्या वसाहतींत तसे नव्हते. क्यूबात गुलामगिरी १८८६पर्यंत, पोर्तो रिकोत १८७३पर्यंत आणि डच सुरिनाममध्ये १८६३पर्यंत टिकली, आणि हवानात तर जॉर्ज वॉशिंग्टन हॅल्सी या अमेरिकन माणसाने ३ जानेवारी १८४१ रोजीच डॅगेरोटाइपची चित्रशाळा थाटली होती. तिथे कॅमेरा आणि गुलामगिरी चार दशकांहून अधिक काळ एकाच गावात नांदली. ‘कॅरिबियन’ असा एकच शब्द वापरून तारखा लावणारा माणूस इथेच पहिली ठेच खातो.

दगडावर उतरलेला कॅमेरा

डुपर्ली यांच्या जमैकातील दृश्यांच्या पुस्तकाचे नाव मराठीत ‘जमैकातील डॅगेरियन भ्रमंती’ असे सांगता येईल. शीर्षकपानावरच दावा आहे की ही दृश्ये प्रत्यक्ष जागेवर डॅगेरोटाइपने घेतली आणि लेखकाच्या देखरेखीखाली पॅरिसच्या नामांकित कलावंतांकडून दगडावर काढून घेतली. छपाई पॅरिसच्या थिएरी बंधूंच्या कारखान्यातली. पुस्तकावर वर्ष नाही, त्यामुळे निरनिराळ्या सूच्यांत ते १८४०पासून १८५०पर्यंत कुठेही टाकलेले आढळते. दहा वर्षांची ही तफावत छायाचित्रणाच्या इतिहासात किरकोळ नाही, कारण याच दशकात प्रकाश देण्याचा वेळ मिनिटांवरून सेकंदांवर आला.

त्यातील फालमथ गावच्या मार्केट स्ट्रीटचे चित्र घेऊ. फालमथ हे जमैकाच्या उत्तर किनाऱ्यावरचे, साखरेवर गबर झालेले बंदर. चित्रात सरळ रस्ता आहे, दुतर्फा सज्जे आणि ओसऱ्या असलेली घरे आहेत, आणि रस्त्यावर वर्दळ आहे. घरांच्या कडा, खिडक्यांच्या पट्ट्या आणि दूर जात बारीक होणारी छपरांची रांग पाहिली की यामागे भिंगातून आलेली प्रतिमा आहे हे पटते. हाताने अंदाजाने काढलेल्या रस्त्यात छपरे इतक्या शिस्तीत लहान होत नाहीत. मग नजर माणसांकडे वळवावी. सुरुवातीच्या डॅगेरोटाइपला जेवढा वेळ लागे तेवढ्यात चालता माणूस पत्र्यावर उमटतच नसे आणि घोडा तर नाहीच नाही. म्हणजे घरे कॅमेऱ्याने दिलेली आहेत आणि रहदारी पॅरिसच्या कलावंताने, जमैका न पाहता, आपल्या सरावाने भरलेली आहे. तेव्हा या चित्रावरून फालमथच्या बांधकामाबद्दल बोलावे, फालमथच्या बाजारातील गर्दीबद्दल बोलताना मात्र हात आखडता घ्यावा.

असा प्रकार मराठी वाचकाला अगदीच अनोळखी वाटायला नको. विल्यम जॉन्सन याने १८६३ आणि १८६६मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केलेल्या मुंबईच्या जातीजमातींच्या छायाचित्रांत माणसे एकीकडे टिपलेली आणि मागचा देखावा दुसरीकडचा, अशी जोडकामे आहेत. तिथे कात्री आणि निगेटिव्ह वापरले, इथे तेलकट खडू आणि दगड, एवढाच फरक.

दगडामुळे आणखी एक गंमत झाली आहे. डॅगेरोटाइप आरशासारखा उलटा असतो. डावी बाजू उजवीकडे दिसते. शिळाछापात दगडावर जे काढावे ते कागदावर उलटे उमटते. म्हणून चित्रकाराने पत्रा समोर ठेवून तो जसा दिसतो तसाच दगडावर उतरवला, तर दोनदा उलटलेले चित्र आपोआप सुलटे होते. एखादे दृश्य तरीही उलटे आढळले तर मधल्या कोणत्या तरी टप्प्यावर जास्तीचा हात फिरला आहे असे समजावे, मग तो हात चित्रकाराचा असो की कॅमेऱ्यापुढे लावलेल्या लोलकाचा. हे ताडून पाहताना दुकानाच्या पाटीवर विसंबू नये, कारण अक्षरे कोणताही मुद्रक सवयीने सरळ करून घेतो. समुद्र कोणत्या बाजूला आहे, चर्चचा मनोरा कोणत्या कोपऱ्यात आहे, हे पाहावे.

काळ ठरवण्यासाठीही असाच चित्राबाहेरचा आधार लागतो. ऑगस्ट १८४३मध्ये किंग्स्टनचा मोठा भाग आगीत जळाला. किंग्स्टनचे प्रत्येक दृश्य घेऊन त्यातील इमारती जळालेल्या भागात होत्या का, पुन्हा कधी उभ्या राहिल्या, हे एकेक करून तपासणे हा कष्टाचा पण खात्रीचा रस्ता आहे. मात्र एका पानाची तारीख लागली म्हणून सबंध पुस्तकाची लागत नाही. पत्रे अनेक वर्षांत घेतलेले असू शकतात, दगडावरचे काम नंतरचे आणि विक्री त्याहून नंतरची. ‘टिपल्याचे वर्ष’ आणि ‘छापल्याचे वर्ष’ हे दोन वेगळे रकाने ठेवले, तर सूच्यांतले निम्मे वाद उद्भवणारच नाहीत.

‘ए.’ म्हणजे कोण

अ‍ॅडॉल्फ डुपर्ली १८६०च्या दशकाच्या मध्यास वारले. आर्माँ आणि आँरी हे त्यांचे मुलगे याच धंद्यात होते आणि पुढे नातवंडांनीही तो चालवला. आता अडचण पाहा: अ‍ॅडॉल्फचे आद्याक्षर ‘ए’ आणि आर्माँचेही रोमन लिपीत ‘ए’च. ‘ए. डुपर्ली अँड सन्स’ या पाटीत ‘ए’ कोणाचा आणि ‘सन्स’ कोणाचे, याचे उत्तर दशकागणिक बदलते. जुन्या पेढीचे नाव मालक गेला म्हणून कोणी उतरवत नाही, आणि गिऱ्हाईक त्याच नावाला ओळखत असेल तर नातूही आजोबाच्याच सहीने धंदा करतो. आपल्याकडे ‘अमुक आणि मंडळी’ अशी पाटी तीन पिढ्या टिकते, त्यातलाच हा प्रकार.

अशा वेळी नाव बाजूला ठेवून पुठ्ठा हातात घ्यावा. १८५४मध्ये पॅरिसच्या दिस्देरी याने ‘कार्त-द-व्हिजित’चे एकस्व घेतले. एकाच काचेवर अनेक लहान प्रतिमा घ्यायच्या, त्यांचे कागदी ठसे कापून साधारण ६४ × १०० मिलिमीटरच्या पुठ्ठ्यावर डकवायचे, अशी ती युक्ती. १८६०च्या दशकात तिने जगभर धुमाकूळ घातला आणि कॅरिबियन बेटेही त्यातून सुटली नाहीत. याच दशकाच्या मध्यास मोठे ‘कॅबिनेट’ कार्ड आले, साधारण १०८ × १६५ मिलिमीटरचे, आणि पुढील वीस-पंचवीस वर्षांत त्याने लहान कार्डाला मागे टाकले. नुसती पट्टी लावली तरी एवढे कळते.

समजा, किंग्स्टनचा शिक्का असलेले एक लहान कार्ड समोर आहे. पुठ्ठा पातळ आहे, कोपरे काटकोनी आहेत, कडेने बारीक सोनेरी दुहेरी रेघ आहे आणि माणूस पायांपासून डोक्यापर्यंत पूर्ण, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा आहे. ही सगळी लक्षणे १८६०च्या दशकाची. कोपरे गोल झाले की १८७०च्या पुढे यावे. पुठ्ठा जाड, गडद रंगाचा आणि कडा तिरप्या कापून सोनेरी केलेल्या दिसल्या की १८८०च्या दशकाकडे वळावे. दहापटीचे भिंग लावले तर अल्ब्युमेनच्या ठशात अंड्याच्या पांढऱ्याच्या पातळ थराखालून कागदाचे धागे दिसतात, ठिपके दिसत नाहीत, आणि चित्राचे उजळ भाग पिवळसर झालेले असतात. दमट हवेत हे पिवळेपण लवकर येते. मग पुठ्ठा उलटावा. पाठीवर दुकानाचे नाव, पत्ता, निगेटिव्ह जपून ठेवले असून हव्या तेव्हा प्रती मिळतील अशी हमी, आणि कधी कधी अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, पुठ्ठा छापणाऱ्या पॅरिसच्या किंवा लंडनच्या कारखान्याचे नाव. ते नाव छायाचित्रकाराचे नव्हे, स्टेशनरीवाल्याचे. नवख्या माणसाची तिथे हमखास फसगत होते.

ही लक्षणे युरोपातल्या मालावरून ठरवलेली आहेत, हे विसरून चालत नाही. जमैकात पुठ्ठा, रसायने आणि काच हे सगळे बोटीने येई. साउदम्प्टनहून नियमित टपाल-बोटी १८४२पासून सुरू झाल्या होत्या हे खरे, पण मागवलेले पुठ्ठे संपेपर्यंत वापरायचे ही दुकानदाराची रीत लंडनमध्येही असते आणि किंग्स्टनमध्ये तर अधिकच. तेव्हा लंडनच्या कोष्टकावरून निघालेले वर्ष ही वसाहतीपुरती अलीकडची मर्यादा नसून पलीकडची मानावी: याच्या आधीचे नाही, नंतर काही वर्षांपर्यंतचे असू शकते. याउलट, कार्डावरचा माणूस कार्डापेक्षा जुना असण्याचीही शक्यता असते. वडिलांचा डॅगेरोटाइप दुकानात नेऊन त्याचे कार्ड करून घेण्याची पद्धत सर्रास होती. अशा कार्डात चेहरा किंचित मऊ आणि पुसट येतो, पत्र्यावरचे ओरखडे किंवा चकाकी उमटते, आणि अंगावरचा पोशाख पुठ्ठ्याच्या काळाला न शोभणारा असतो.

प्रकारावरून किती दूर जाता येते याची मर्यादा दाखवणारे उदाहरण त्याच बेटावर आहे. ऑक्टोबर १८६५मध्ये मोरांट बे येथे उठाव झाला आणि त्याचे नेते पॉल बोगल यांना २४ ऑक्टोबरला फाशी देण्यात आले. त्यांचा म्हणून जो चेहरा जमैकात सर्वत्र ओळखला जातो तो एका टिनटाइपवरून घेतलेला आहे, आणि तो माणूस बोगलच का, यावर वाद आहे. टिनटाइप, म्हणजे काळ्या रोगणाच्या लोखंडी पत्र्यावरचे चित्र, अमेरिकेत १८५६पासून होते. त्यामुळे प्रकार आणि काळ जुळतात. पण जुळतात एवढेच. वस्तूचा प्रकार एखादी ओळख खोडून काढू शकतो, शाबीत करू शकत नाही.

शाबीत करायचे तर कागदपत्रांकडेच जावे लागते. दुकान नवे थाटले, पत्ता बदलला, भागीदार वेगळा झाला, इंग्लंडहून नवे भिंग आले, अशा प्रत्येक वेळी वर्तमानपत्रात जाहिरात येते, आणि जमैकाचे ‘ग्लीनर’ तर १८३४पासूनचे आहे. पाठीवरचा पत्ता जाहिरातीतल्या पत्त्याशी जुळवला की पुठ्ठ्याने दिलेल्या दहा-बारा वर्षांच्या पट्ट्यातून तीन-चार वर्षांवर येता येते. ‘ए.’ म्हणजे कोण, हे कोडेही बहुधा याच मार्गाने, एकेका पत्त्यापुरते सुटते.

देखाव्यांचा बाजार

२७ जानेवारी १८९१ रोजी किंग्स्टनमध्ये मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन उघडले. बेट रोगट नाही, सुरेख आणि राहण्याजोगे आहे, हे बाहेरच्यांना पटवण्याचा तो खटाटोप होता, आणि त्यासाठी छायाचित्रे हवी होती. स्कॉटलंडच्या डंडी गावातील व्हॅलेंटाइन या बड्या पेढीने त्या सुमारास आपला माणूस जमैकात पाठवला. त्याने घेतलेल्या देखाव्यांच्या तळाशी पांढऱ्या अक्षरांत शीर्षक, अनुक्रमांक आणि ‘जे. व्ही.’ अशी आद्याक्षरे असतात. हे ‘जे. व्ही.’ म्हणजे जेम्स व्हॅलेंटाइन. आणि तो त्याआधी दहाएक वर्षांपूर्वीच वारलेला होता. म्हणजे एका आल्बमात शेजारी शेजारी डकवलेल्या डुपर्लीच्या आणि व्हॅलेंटाइनच्या देखाव्यांवर दोन मृत माणसांची नावे आहेत आणि कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या कोणाचेही नाही. ओझे वाहणाऱ्या, काचा धुणाऱ्या आणि बऱ्याचदा ठसे काढणाऱ्या स्थानिक हातांची तर गोष्टच नको.

पोस्टकार्डांनी हा गोंधळ पक्का केला. ब्रिटनने १८९४मध्ये खाजगी चित्रकार्डांना परवानगी दिली आणि १९०२मध्ये पाठीवर मधोमध रेघ मारून एका बाजूला मजकूर, दुसऱ्या बाजूला पत्ता लिहायला मोकळीक दिली. त्यामुळे पाठ दुभागलेली नसेल आणि मजकूर चित्राच्या कडेला कोंबून लिहिलेला असेल, तर कार्ड बहुधा त्याआधीचे. पुन्हा भिंग लावावे: ठिपक्यांची जाळी दिसली तर हाफटोन, म्हणजे ठिपक्यांतून छटा दाखवणारी छपाई, वेड्यावाकड्या बारीक सुरकुत्या दिसल्या तर कोलोटाइप, म्हणजे जिलेटिनच्या थरावरून केलेली छपाई. अनेक कार्डे जर्मनीत छापली जात आणि तिथेच रंगवली जात. फालमथची गर्दी पॅरिसमध्ये बसून काढणाऱ्या कलावंताचा हा नातूच म्हणायचा: किंग्स्टनच्या बाजारातील बाईचा झगा कोणत्या रंगाचा होता हे त्याला ठाऊक नाही, पण रंग द्यायला तो थांबत नाही.

कार्डावरची टपाल-मोहर ही आणखी एक फसवी साक्ष. ती चित्राची शेवटची मर्यादा सांगते, जन्म सांगत नाही. दुकानात पडून असलेली वीस वर्षांपूर्वीची निगेटिव्ह पोस्टकार्डासाठी पुन्हा बाहेर काढणे हा सर्रास चालणारा व्यवहार होता. किंग्स्टनच्या बाबतीत मात्र एक ठाम रेघ ओढता येते. १४ जानेवारी १९०७च्या भूकंपाने आणि त्यामागून लागलेल्या आगीने शहराचा व्यापारी भाग होत्याचा नव्हता झाला. किंग स्ट्रीटवर त्यानंतर नव्या सरकारी इमारती उठल्या. त्यामुळे १९१०ची मोहर असलेल्या कार्डात जुना किंग स्ट्रीट सुखरूप दिसत असेल, तर निगेटिव्ह भूकंपाआधीची आहे हे निश्चित. त्या आगीत किती दुकानांच्या काचा गेल्या असतील याचा विचार केला, की जे उरले ते बेटाबाहेर का उरले हेही कळते. पर्यटकांनी, अधिकाऱ्यांनी आणि पाद्र्यांनी नेलेले आल्बम वाचले. लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात वसाहत खात्याचा छायाचित्रसंग्रह आहे. टोरांटोच्या आर्ट गॅलरी ऑफ ओंटारिओने २०१९मध्ये मिळवलेल्या माँटगोमेरी संग्रहात ३,५००हून अधिक कॅरिबियन छायाचित्रे आहेत, आणि त्या खरेदीसाठी पैसा उभा करणाऱ्यांत टोरांटोतील कृष्णवर्णीय आणि कॅरिबियन समाजातील माणसांचा मोठा वाटा होता.

समोर बसलेली माणसे

आतापर्यंत कॅमेऱ्यामागच्या माणसाचा माग घेतला. समोरच्या माणसाची गत त्याहून वाईट आहे, आणि तिथे आपला थेट संबंध येतो.

१० मे १८४५ रोजी ‘ब्लंडेल’ हे जहाज जमैकाच्या ओल्ड हार्बर बे येथे हिंदी मजुरांना घेऊन लागले. पुढच्या सत्तर-एक वर्षांत सुमारे ३६,००० हिंदी माणसे गिरमिटावर, म्हणजे ठराविक मुदतीच्या मजुरीच्या करारावर, जमैकात आली. त्रिनिदादमध्ये सुमारे १,४४,००० आणि ब्रिटिश गियानात सुमारे २,३९,०००. बहुतेक माणसे कलकत्त्याहून, म्हणजे बिहार आणि अवधच्या बाजूची, आणि काही मद्रासहून. मुंबई बंदरातून गेलेले मजूर मुख्यतः मॉरिशसला गेले, त्यामुळे या चित्रांत मराठी घर शोधू नये. १८६९च्या सुमारास त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेनमध्ये आलेल्या फेलिक्स मोरँ या फ्रेंच छायाचित्रकाराची हिंदी स्त्रियांची चित्रे या प्रकारातील सर्वांत परिचित. चित्रशाळेतला रंगवलेला पडदा, पुढे बसलेली बाई, कोपरापर्यंत चांदी, गळ्यात नाण्यांची माळ, नाकात नथ. आणि खाली शीर्षक ‘कुली बाई’. आपल्या कानाला ‘कुली’ म्हणजे हमाल. त्या बेटांवर तो शब्द शिवीच झाला.

मराठी डोळा ही चित्रे पाहताना दागिन्यांवर थबकतो, कारण नाण्यांच्या माळेत त्याला पुतळ्यांची माळ दिसते. थबकावे, पण ओळख पटल्याच्या आनंदात पुढे धावू नये. मळ्यावरची मजुरी सोनाराकडे देऊन तिची चांदी अंगावर घालणे ही या लोकांची बचत होती, हे खरे. पण चित्रशाळेतही दागिने ठेवलेले असू शकतात. म्हणून एकाच दुकानाची जमतील तेवढी कार्डे शेजारी मांडून तीच माळ दुसऱ्या बाईच्या गळ्यात दिसते का हे पाहावे. पडदा, खुर्ची आणि जाजम यांच्या बाबतीत हीच रीत दुकान ओळखायला उपयोगी पडते. दागिन्यांच्या बाबतीत ती बाईची मालमत्ता आणि दुकानाची मालमत्ता वेगळी करायला उपयोगी पडेल.

येथे राज्यकारभाराचा एक विरोधाभास नजरेआड करता येत नाही. याच बाईच्या परदेशगमनाच्या दाखल्यावर तिचे नाव, बापाचे नाव, वय, जात, जिल्हा, ठाणे, गाव, उंची आणि अंगावरची खूण एवढे सगळे लिहिलेले होते. दाखला लिहिणाऱ्या कारकुनाला तिचे नाव हवे होते कारण करार नावावर होता. छायाचित्र विकणाऱ्याला नको होते कारण नाव घातले की ती एक बाई उरते आणि न घातले की सगळ्या बायकांचा नमुना म्हणून विकता येते.

नेमकी उलट स्थिती दाखवणारी एक वस्तू ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे: १८४६च्या सुमाराचा सुरिनाममधील एक डॅगेरोटाइप. त्यात बसलेली माणसे नावानिशी ठाऊक आहेत: मारिया लुईझा द हार्ट आणि तिचा नवरा योहानेस एलिस. टिपणारा मात्र अज्ञात म्हणून नोंदलेला आहे. तो पत्रा घरात, वंशजांकडे राहिला, म्हणून नावे राहिली. डुपर्ली आणि मोरँ यांची चित्रे दुकानातून गेली, म्हणून दुकानाची नावे राहिली.

नोंद कशी असावी

फालमथच्या चित्राची नोंद एका नावावर न भागवता अशी करता येईल: ‘मूळ प्रतिमा डॅगेरोटाइप, अ‍ॅडॉल्फ डुपर्ली, जमैका, १८४०चे दशक, दगडावरील रेखन पॅरिसमधील कलावंताचे, मुद्रण थिएरी बंधू, पॅरिस, इमारती कॅमेऱ्यावरून, माणसे रेखनकाराची.’ १८९५च्या सुमारच्या देखाव्यासाठी ‘छायाचित्रकार’ या रकान्यात व्यक्तीचे नाव न घालता ‘ए. डुपर्ली अँड सन्स, किंग्स्टन, ही पेढी’ असे लिहावे आणि पुढे कंसात कोणाचीही जन्ममृत्यूची वर्षे घालू नयेत. आज सर्वांत जास्त चुका त्या कंसामुळेच पसरतात. आणि पोर्ट ऑफ स्पेनच्या कार्डासाठी तिसरी नोंद: पेढी, माप, कागद, पुठ्ठ्यावरून अंदाजे दशक, पडद्याची खूण, छापील शीर्षक अवतरणात, ते छापणाऱ्याचे आहे अशा टिपेसह, आणि ‘चित्रातील व्यक्ती’ हा रकाना रिकामा, पण सूचीतून वगळलेला नाही.